चंद्रभागाबाईंची बारनिशी

सरकारी कचेरीत बारनिशीचं टेबल म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी तिथं यायचा, आवक वहीत चढायचा, त्यावर तारखेचा शिक्का पडायचा आणि मग तो आत ज्याच्या त्याच्या टेबलावर जायचा. ह्या टेबलाला ना अधिकार, ना मान, ना दिवाळीला कुणी मिठाईचा पुडा आणून ठेवणार. म्हणून तर चौऱ्यांशी साली चंद्रभागा ओव्हाळ नावाची नवी कारकून रुजू झाली, तेव्हा हेडक्लार्कनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आडनाव दोनदा वाचलं आणि तिथं नेऊन बसवलं. त्याला वाटलं, महिन्याभरात रडत बदली मागेल. बाई छत्तीस वर्षं तिथून हलल्या नाहीत. हेडक्लार्क मात्र निवृत्त झाल्यावर आपल्याच एका अर्जाचा आवक क्रमांक विचारायला त्या टेबलासमोर आला, आणि बाईंनी त्याला रांगेत उभं केलं.

त्यांचा नियम एकच. कागद टेबलावर मुक्कामाला राहणार नाही. आला, चढवला, शिक्का मारला, पुढं धाडला, टेबल मोकळं. आतली मंडळी मात्र कागदांवर अंडी उबवत बसायची. अशा माणसांविषयी बाईंच्या मनात जी तुच्छता होती ती त्यांनी कधी लपवली नाही. "ह्यांना सरणावर ठेवलं तरी उठून म्हणतील, उद्या या," असं त्या डबा खाताना मोठ्यांदा म्हणायच्या, आणि ज्याच्याविषयी म्हणायच्या तो शेजारीच बसून पोळी मोडत असायचा.

एकदा एका साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. एका कागदावर आठ दिवस आधीची तारीख पडायला हवी होती.

"ओव्हाळबाई, शिक्क्यातली चाकं मागंही फिरतात ना?"

"फिरतात की," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात नाही फिरत."

आणि चहा तसाच ठेवून बाहेर आल्या. ह्या वाक्याची पुढं कचेरीत म्हण झाली. साहेबांनी बाईंची बदली करायचं पुष्कळ मनावर घेतलं, पण करणार कुठं? त्याहून वाईट टेबल कचेरीत नव्हतंच.

अशी बाई निवृत्त झाली आणि विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये मुलगा बुद्धभूषण आणि सून निकिता यांच्या डोक्यावर येऊन बसली. यजमान तात्याराव आधीच गेले होते. घरात येणारं विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, लग्नाची पत्रिका, सगळ्यावर बाई निळ्या पेनानं कोपऱ्यात तारीख टाकत. बुद्धभूषण खराडीला एका आयटी कंपनीत टीम लीड होता. त्याच्या हाताखाली नऊ माणसं होती, आणि घरी आल्यावर तो आईच्या हाताखाली दहावा होता.

त्रेसष्टाव्या वर्षी बाईंना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. डाव्या बाजूचं आतडं कापून काढलं, पण लिव्हरवर तीन ठिपके आधीच जाऊन बसले होते. कसबा पेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डॉ. आमोद रिसबूड बसायचे. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेल्या तेव्हा दारावर पाटी होती: 'गूगलवर वाचून आलेल्यांनी गूगलकडूनच तपासून घ्यावे.' बाईंना माणूस बरा वाटला. डॉक्टरांनी केसपेपर काढला आणि विचारलं, शौचावाटे रक्त कधीपासून जात होतं? बाई म्हणाल्या, दोन महिने. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

केमोची दोन सलाईनं झाली. मग डॉक्टर म्हणाले, एक वेगळं इंजेक्शन ह्यात जोडता आलं तर ठिपके आकसण्याची चांगली आशा आहे. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही. त्याआधी गाठीच्या तुकड्याची एक तपासणी लागेल.

"कसली?"

"असं समजा आजी, की पेशी म्हणजे एक गाडी आहे. तिचा अ‍ॅक्सिलरेटर..."

"मला गाडी येत नाही. आत काय होतं ते सांगा. आणि आजी तुमच्या घरी."

डॉक्टर हसले आणि कागद ओढून चौकट काढू लागले. पेशीला आपल्या मनानं वाढायची मुभा नसते, ते म्हणाले. बाहेरून निरोप यावा लागतो. तो निरोप म्हणजे ग्रोथ फॅक्टर. पेशीच्या भिंतीत एक प्रथिन बसलेलं असतं, ते निरोप बाहेरच्या टोकानं धरतं आणि त्याचं आतलं टोक जागं होतं. ते आतल्या 'रास' नावाच्या प्रथिनाला उठवतं. रास पुढच्याला उठवतो, तो त्याच्या पुढच्याला, असं होत होत निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो आणि मग एका पेशीच्या दोन होतात.

"आणि तो रास मग काय करतो?"

"निरोप पुढं गेला की आपणहून गप्प बसतो. पुढचा येईपर्यंत."

"म्हणजे बारनिशी," बाई म्हणाल्या. डॉक्टरांना बारनिशी माहीत नव्हती. बाईंनी ती त्यांना दोन मिनिटांत समजावली, आणि ती समजावताना कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या अंगात जोर आला.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "आता काही रुग्णांत ह्या रासमध्येच बारीकसा बदल झालेला असतो. मग तो गप्प बसत नाही. बाहेरून काही येवो न येवो, 'वाढा, वाढा' म्हणून पुढं धाडतच राहतो."

"आवक नाही आणि जावक चालू."

"हो. आणि आपलं इंजेक्शन काम करतं ते दारावर. भिंतीतल्या त्या प्रथिनाला निरोप घेऊच देत नाही."

"मग आतलाच कारकून कोऱ्या कागदांवर शिक्के मारत बसला असेल, तर दारावर पहारा बसवून काय करायचंय!" बाईंनी निकाल देऊन टाकला. "बघा तपासून. आमचा कारकून कसा आहे ते कळू दे."

निघताना डॉक्टरांच्या मदतनीस बाईनं मराठीतलं एक माहितीपत्रक हातात ठेवलं. बाईंनी ते बसमध्ये वाचलं. त्यात लिहिलं होतं की राससारखी प्रथिनं ज्यांच्यापासून बनतात त्या जनुकांना 'प्रोटो-ऑन्कोजीन' म्हणजे 'कर्करोगजनुकाचे पूर्वरूप' म्हणतात आणि ती प्रत्येक निरोगी माणसात असतात. बाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. जन्मभर इमानानं निरोप पोचवणारा कारकून, हजारातला एखादा पुढं बिघडतो, म्हणून सगळ्यांनाच आधीपासून 'होऊ घातलेला चोर' म्हणायचं? शिकल्यासवरल्या लोकांची जन्मतःच कपाळावर शिक्का मारायची खोड काही जात नाही, असं त्या शेजारच्या प्रवाशाला म्हणाल्या. तो विमाननगरचा स्टॉप विचारत होता.

तपासणीला तुकडा गेला. रिपोर्ट घेऊन या, मग तिसरं सलाईन, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाई रोज विचारू लागल्या. रिपोर्ट आला का? नाही आई, लॅबचं मशीन बंद आहे. आला का? आई, डॉक्टरच परिषदेला बाहेर गेलेत.

ह्याच दिवसांत घरात एकाएकी सगळं फार गोड झालं. निकिता, जिला साधी भाकरी थापायची म्हणजे आधी व्हिडिओ बघावा लागायचा, ती सकाळी उठून बाईंच्या आवडीचं हुलग्याचं माडगं करू लागली. बुद्धभूषणनं चार दिवस रजा काढली आणि दर दोन तासांनी आईच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढू लागला. लोणी काळभोरहून महिपतराव आले. हे बाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांचं तिथं औषधांचं दुकान होतं, आणि काउंटरपलीकडं तीस वर्षं उभं राहिल्यामुळं आपण डॉक्टर झालो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. येताना ते कसलासा हिरवा रस घेऊन आले.

"अक्का, पॉझिटिव्ह ऱ्हायचं. निम्मा आजार मनात आसतोय," ते म्हणाले.

"मग निम्मं सलाईन मनाला लावा," बाई म्हणाल्या.

महिपतराव हसल्यासारखं करून विषय बदलायला गेले. "बरं, तुमच्या त्या शेजारणीची मूळव्याध कशी हाय? मागं पाच-सहा येळा पुड्या मागवल्या व्हत्या तुमी तिच्यासाठी."

"तिचं ती बघेल. तुम्ही चहा प्या."

ते गेल्यावर रस मोरीत ओतून बाई विचार करत बसल्या. आयुष्यात त्यांच्याशी विनाकारण गोड वागलेला शेवटचा माणूस म्हणजे खुर्ची देऊन चहा मागवणारा तो साहेब. गोडीमागं कुठंतरी कागद दाबलेला असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिता आंघोळीला गेल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि पावतीवरच्या नंबरवर लॅबला फोन केला. पलीकडच्या मुलीनं नेहमीचं 'चेक करून सांगते' म्हटलं. पण तिची गाठ कुणाशी होती!

"चेक नंतर कर. जावक क्रमांक सांग. कुरियरनं पाठवलं का हाती दिलं? पोच कुणी घेतली?"

मुलगी गडबडली. मग म्हणाली, "मॅडम, तीन तारखेलाच डिलिव्हर झालंय. सही निकिता ओव्हाळ. आणि मेल पण गेलाय तुमच्या मुलाला, दोन तारखेला."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बावीस तारीख होती.

निकिता बाहेर आली तेव्हा बाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "कागद आण," एवढंच म्हणाल्या. निकितानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि लग्नात आलेल्या आणि आजवर एकदाही न तापलेल्या ओव्हनचं दार उघडून आतून पाकीट काढलं. मग ती तिथंच खाली बसली आणि रडायला लागली.

"आई, तो फार वाईट प्रकारचा निघालाय. ह्यांनी महिपतकाकांना फोटो पाठवला होता. काका म्हणाले, वाईल्ड म्हणजे जंगली. पिसाळलेला. डॉक्टरांना दाखवलं तर ते तोंडावर बोलतील आणि अक्का त्या दिवशीच हाय खातील. त्यापेक्षा राहिलेत ते दिवस सुखात..."

"क्लिनिकला काय सांगितलंत?"

"तुम्ही गावाला गेलात म्हणून."

बाईंनी पाकिटातून रिपोर्ट काढला. सहा पानं होती. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'के-रास ऑन्कोजीन' आणि खाली 'वाईल्ड टाइप' असं इंग्रजीत छापलं होतं. दिवसाला दोनशे मेल वाचतो म्हणून सांगणारा त्यांचा मुलगा तेवढंच वाचून थांबला होता, आणि पुढचं वाचायला त्यानं लोणी काळभोरचा महापंडित गाठला होता. बाईंनी बोट ओलं करून पान उलटलं. त्यांचं इंग्रजी कचेरीपुरतं होतं, पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय होती. तिसऱ्या पानावर एक तक्ता होता. बदलांची नावं डावीकडं, आणि उजवीकडं प्रत्येकापुढं तेच दोन शब्द: नॉट डिटेक्टेड.

हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. आढळून येत नाही. कचेरीत हरवलेल्या प्रत्येक फायलीवर हाच शेरा पडायचा, आणि त्याचा अर्थ एवढाच असायचा की कुणी नीट शोधलेलं नाही. त्यामुळं बाईंचा त्यावर विश्वास बसेना. 

"त्याला फोन लाव आणि सांग, कसब्यात ये," त्या म्हणाल्या. पायात चपला सरकवल्या, पाकीट पिशवीत टाकलं. निकिता रिक्षा बोलावते म्हणाली. बाईंनी ऐकलं नाही. बसनं मनपापर्यंत गेल्या, शिवाजी पूल चालून ओलांडला, कुंभारवेशीपाशी एका माठवाल्याच्या पायरीवर धाप जाईपर्यंत बसल्या आणि दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या अठ्ठावीस पायऱ्या एकेक मोजत चढल्या.

डॉक्टरांनी पहिलं पान पाहिलं, तिसरं पाहिलं, आणि चक्क टेबलावर थाप मारली. "अहो, उत्तम! तुमचा रास अगदी ठणठणीत आहे."

"जंगली ना?"

"कोण म्हणालं? वाईल्ड टाइप म्हणजे मूळचा. निसर्गात जसा असतो तसाच, न बिघडलेला. तुमचा कारकून इमानी आहे, बाई. बिघाड दुसरीकडं आहे. म्हणजे आता दारावर पहारा बसवण्यात अर्थ आहे. गुरुवारी इंजेक्शन सुरू करू." मग त्यांची नजर तारखेवर गेली. "पण हे तर दोन तारखेचं आहे. आज बावीस. एवढे दिवस कुठं होतं?"

नेमका तेव्हाच बुद्धभूषण आत आला. गळ्यात कंपनीचा पट्टा, हातात हेल्मेट, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं आईकडं पाहिलं, टेबलावरचा रिपोर्ट पाहिला आणि दाराशीच उभा राहिला.

"हे विचारा त्यांना," चंद्रभागाबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांची धार एकवटून आली होती. "हे बघा आमचे साहेब. नऊ माणसं सांभाळतात. ह्यांच्याकडं सहा पानं आली, ह्यांनी एक वाचलं, आणि आईला जंगली ठरवून मोकळे झाले. औषध हजर, आई जिवंत, आणि कागद कुठं? ओव्हनमध्ये! तिथं काय भाजत होतात रे? फोटो काढत होतास माझे. हार घालायला कुठला बरा दिसतो ते बघत होतास का? छत्तीस वर्षं मी कागद दाबणारी माणसं बघितली. पण ती निदान दुसऱ्याचे कागद दाबायची. वीस दिवस! मी तुला जन्म दिला ह्याचीच मला लाज वाटते."

 "आई, मला वाटलं तू घाबरशील," बुद्धभूषण कसंबसं म्हणाला. मग त्याचा चेहरा लहानपणी पाटी फुटल्यावर व्हायचा तसा झाला.

"मी घाबरेन? मी? खरं कळलं म्हणून माणूस मरत नाही. खरं दाबलं म्हणून मरतो."

"असू द्या," डॉक्टर मध्ये पडले. "उशीर व्हायला नको होता हे खरं, पण वीस दिवसांनी आभाळ कोसळलेलं नाही. करू आपण." ते जुना केसपेपर काढून इंजेक्शनची तयारी लिहू लागले. लिहिता लिहिता थांबले. "खरं म्हणजे मला तुमच्या केसमध्ये पहिल्यापासून एका गोष्टीचं नवल वाटतंय. रक्त दोन महिने, आणि तेवढ्यात लिव्हरवर तीन ठिपके. आजार जरा फारच घाईत दिसतो. दोन महिनेच ना?"

 बुद्धभूषण हेल्मेट दोन्ही हातांत धरून उभा होता, मान खाली.

 आदल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या सकाळी चंद्रभागाबाईंना ते रक्त पहिल्यांदा दिसलं होतं. मग रोज. अंग रोज सकाळी लाल शाईनं लिहिलेलं पत्र पाठवत होतं, तातडीचं, आणि त्यांनी ते एकदाही वहीत चढवलं नाही. पाणी ओतलं आणि बाहेर आल्या. कुणाला सांगायची लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाटली भीती. नसलेल्या शेजारणीच्या नावानं त्या महिपतरावांसारख्या माणसाकडून पुड्या आणून खात राहिल्या. आणि इथं येऊन, ह्याच खुर्चीत बसून, शिक्क्याची चाकं हव्या त्या तारखेवर फिरवून दिली.

"बाई?" डॉक्टर म्हणाले.

"ती नोंद खोटी आहे," त्या म्हणाल्या. "अकरा महिने."

बुद्धभूषणनं मान वर केली.  डॉक्टरांनी पेन उचललं आणि 'दोन' ह्या शब्दावर गिरवायला लागले.

"खोडू नका," चंद्रभागाबाई म्हणाल्या.  "जुनं वाचता आलं पाहिजे. एक आडवी रेघ मारा, वर खरं लिहा, आणि बाजूला माझी सही घ्या."

डॉक्टरांनी तशी रेघ मारली, वर 'अकरा महिने' लिहिलं आणि कागद त्यांच्याकडं फिरवला. बाईंनी पिशवीत निळं पेन शोधलं. ते सापडेना. बुद्धभूषणनं पुढं होऊन खिशातलं आपलं पेन त्यांच्यापुढं धरलं. त्याच्याकडं न बघता त्यांनी ते घेतलं, समासात सही केली आणि सहीखाली तारीख घातली. आजचीच.